रोज चिकन-भात खाऊनही पिल्लाचे पाय वाकले. कुत्र्याचं घरचं जेवण नेमकं कसं करायचं?

नदीकाठ

मंडळी, धागा लांबलाय पण ज्यांच्या घरात पिल्लू आहे त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा. जानेवारीत आमच्याकडे जर्मन शेफर्डचं पिल्लू आलं, दीड महिन्याचं, नाव शेरू. घरात सगळ्यांचं एकमत होतं की पिशवीतलं कोरडं खाणं द्यायचं नाही, जे काय द्यायचं ते घरी शिजवून, ताजं. मी रोज सकाळी बोनलेस चिकन आणायचो, घशात हाड अडकेल या भीतीने मुद्दाम बोनलेस, भात आणि चिकन एकत्र कुकरला लावून तीन शिट्ट्या, चिमूटभर हळद, मीठ नाही. रात्री दोन वाट्या दूध. पोरगं ताट चाटूनपुसून साफ करायचं. वजन वाढत होतं, केस चमकत होते, सोसायटीत येणारा-जाणारा थांबून लाड करायचा.

साडेतीन महिन्यांचा झाला आणि पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळल्यासारखे दिसायला लागले. मग जिना चढेना. मग एक दिवस सोफ्यावरून उतरला, म्हणजे फार तर फूट-दीड फूट, आणि असा किंचाळला की शेजारचे धावत आले, मागचा पाय टेकवेचना. पहिल्यांदा जिथे नेलं तिथे सांगितलं मुडदूस आहे, कॅल्शियमचं सिरप द्या आणि उन्हात बसवा. पंधरा दिवस इमानेइतबारे तेच केलं. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एक्स-रे काढला. एक्स-रेत हाड पांढरंशुभ्र दिसायला हवं ना, तर शेरूची हाडं आजूबाजूच्या मासापेक्षा जेमतेम वेगळी दिसत होती, आणि मांडीचं हाड ओल्या काडीसारखं एका जागी दुमडलेलं. डॉक्टर मॅडमचा पहिला प्रश्न, खायला काय देता? मी छाती पुढे काढून सांगितलं, रोज ताजं चिकन. त्या म्हणाल्या, तेच कारण आहे.

तेव्हापासून झोप नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत, हे झालं कसं आणि पुढे घरचं द्यायचंच असेल तर कसं द्यायचं. जाणकारांनी सांगा.

अंगणातली_चिमणी

अरे देवा, वाचूनच पोटात कालवलं. दादा स्वतःला दोष देऊ नका, तुम्ही प्रेमानेच केलंत. माझ्याकडे अडीच महिन्यांचं लॅब आहे आणि मी पण हेच करतेय, चिकन आणि भात, थोडं गाजर. आता भीती वाटतेय. डॉक्टर कोणी आहे का इथे?

गोठा_ते_गल्ली

मी पशुवैद्यक आहे, पंधराएक वर्षं गाई-म्हशी केल्या आणि आता शहरात कुत्री-मांजरं बघतो. नदीकाठ, तुमच्यासारखी पिल्लं आमच्याकडे नियमित येतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी घर अतिशय काळजीवाहू असतं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

१०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम दहा-पंधरा मिलिग्रॅम. भातातही कॅल्शियम नावालाच. पिल्लाच्या शरीराला हवं असतं उलटं, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच, १.२ ला १ च्या आसपास. आता रक्तातलं कॅल्शियम कमी पडून चालत नाही, हृदय आणि स्नायू त्याच्यावर चालतात. मग गळ्यात पॅराथायरॉइड नावाच्या बारीक ग्रंथी असतात त्या हुकूम सोडतात आणि शरीर ते कॅल्शियम हाडातून उपसायला लागतं. रोज थोडं थोडं. बाहेरून पिल्लू गुटगुटीत दिसतं, कारण प्रोटीन भरपूर मिळतंय, आणि आतून हाड पोकळ होत जातं. जंगलातलं जनावर शिकार हाडासकट खातं म्हणून त्याला हा प्रश्न येत नाही, आपण हाड काढून टाकतो आणि त्याच्या जागी काही घालत नाही.

दुधाचं म्हणाल तर १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. दोन वाट्या म्हणजे ३०० मिली धरलं तर साडेतीनशेच्या आसपास. दहा किलोच्या चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला अडीच-तीन ग्रॅम लागतं, म्हणजे अडीच-तीन हजार मिलिग्रॅम. शिवाय दुधात स्वतःचा फॉस्फरस असतोच, त्यामुळे चिकनचा खड्डा दुधाने भरत नाही. चमचाभर सिरपनेही नाही, आणि काही सिरपमध्ये तर फॉस्फरसही घातलेला असतो.

आणि उन्हाचं. माणसाच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही. त्याला ते पोटातूनच मिळावं लागतं, अंड्याचा बलक, मासे, कलेजी किंवा तयार खाण्यातून. मुडदूस म्हणजे प्रामुख्याने ड जीवनसत्त्वाचा आजार, तुमच्या शेरूचा तो नाही. बरं, चांगली गोष्ट अशी की हे वेळेत कळलं तर बहुतेक पिल्लं सावरतात. खाणं संतुलित करायचं आणि काही आठवडे हालचाल बंद, मोठा पिंजरा किंवा छोटी खोली, जिना नाही, सोफा नाही, फरशी गुळगुळीत असेल तर गोणपाट किंवा रबरी मॅट टाका. तुमच्या मॅडम जे सांगतील ते तंतोतंत पाळा.

माळरान

डॉक्टरसाहेब एक शंका. आमचं गाव मिरजेच्या पुढे, घरात तीन पिढ्या कारवानी कुत्री आहेत. आजोबा ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी ताकात कुस्करून घालायचे, कधी दूध, चिकन तर सणासुदीला सुद्धा नाही. एकाही कुत्र्याचे पाय वाकल्याचं माझ्या आठवणीत नाही. मग शहरातल्याच पिल्लांना हे का होतं?

गोठा_ते_गल्ली

माळरान, प्रश्न चांगला आहे. एक तर तुमच्याकडची पिल्लं आईजवळ दोन-अडीच महिने राहतात, आईचं दूध पूर्ण मिळतं. दुसरं म्हणजे ती कुत्री मोकळी असतात, ससा, उंदीर, घूस, मेलेल्या जनावराचं हाड, उकिरडा, सगळं त्यांच्या पोटात जातं, आजोबांना दिसायची ती फक्त भाकरी. आणि कारवानी सावकाश भरणारं, हलक्या अंगाचं जनावर. जर्मन शेफर्ड, लॅब, ग्रेट डेन ही पहिल्या सहा महिन्यांत भराभर वाढतात, तिथे चूक लगेच हाडावर दिसते. नुसत्या भाकरी-ताकावर बांधून ठेवलेल्या कुत्र्यांच्या तक्रारी गावातही येतात, त्या कातडीच्या. नाका-डोळ्याभोवती खपल्या, पंजे भेगाळलेले. धान्यातलं फायटेट जस्त अडवून धरतं म्हणून बऱ्याचदा तसं होतं.

मोगरा_फुलला

मी गेली नऊ वर्षं दोन कुत्र्यांना घरचं जेवण करतेय. एक गावठी आहे १२ किलोची, तिचं रोजचं मोजून लिहिते. हे मोठ्या, निरोगी कुत्रीचं आहे, पिल्लांचं नाही, हे आधी वाचा.

चिकन २०० ग्रॅम कच्चं वजन, चामडी काढून, मांडीचं घेते कारण छातीचं फार कोरडं होतं. तांदूळ १०० ग्रॅम कच्चा, थोडा जास्त पाणी घालून मऊ. लाल भोपळा किंवा गाजर किंवा दुधी मूठभर, किसून, मोठे तुकडे असतील तर तसेच्या तसे बाहेर येतात. कलेजी १५ ग्रॅम, म्हणजे बोटाच्या पेराएवढा तुकडा, यापेक्षा जास्त रोज नको, अ जीवनसत्त्व साठत जातं. एक उकडलेलं अंडं. गार झाल्यावर चमचाभर तेल. आणि अर्धा चहाचा चमचा अंड्याच्या टरफलाची पावडर. हे सगळं मिळून सातशे-साडेसातशे कॅलरी होतात, दोन वेळेला वाटून देते.

टरफलाची पावडर अशी करते. रोजची टरफलं धुऊन डब्यात साठवायची, आठवड्याने दहा मिनिटं उकळायची, कडक उन्हात वाळवायची, मग मंद तव्यावर कोरडी करून मिक्सरला फिरवायची आणि मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यायची. खरखरीत राहिलं तर पुन्हा फिरवा, पिठासारखी झाली पाहिजे. अर्ध्या चमच्यात साधारण एक ग्रॅम कॅल्शियम बसतं.

रविवारी एकदम शिजवते, तीन दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं डब्यांतून फ्रीझरला. दर सहा महिन्यांनी वजन आणि रक्त तपासते, आणि डॉक्टरांनी सांगितलेली जस्त-आयोडीन-ई जीवनसत्त्वाची पावडर घालते, कारण नुसत्या या साहित्यातून ते पूर्ण येत नाही. चिकनवाल्याकडे कुत्र्यासाठी म्हणून मान, पाय, कातडी स्वस्तात मिळते, ते मी घेत नाही. कातडीच्या चरबीने आमच्या मोठ्या कुत्र्याला एकदा स्वादुपिंडाला सूज आली होती, चार दिवस सलाइनवर होता, पोट धनुष्यासारखं वर ओढून उभा राहायचा. ते बघवत नव्हतं. आणि शिजवलेलं हाड कधीच नाही. कुकरमधलं हाड चावल्यावर सुईसारखं फुटतं.

अंगणातली_चिमणी

मोगराताई हे प्रिंट काढून फ्रिजला लावतेय. पण मग माझ्या अडीच महिन्यांच्या लॅबचं काय करू? टरफलाची पावडर डबल घालू का?

गोठा_ते_गल्ली

नको! अंदाजाने डबल करू नका. पिल्लाला दर कॅलरीमागे कॅल्शियम मोठ्या कुत्र्याच्या दुपटीहून जास्त लागतं हे खरं, पण मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही, दिलं तेवढं बरंचसं शोषलं जातं आणि हाडं वेगळ्याच पद्धतीने बिघडतात. दोन्हीकडून कडा आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, मोठ्या जातीचं पिल्लू वर्षाचं होईपर्यंत मुख्य जेवण मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेल्या तयार खाण्याचं ठेवा, ते गरम पाण्यात भिजवून मऊ करून द्या, आणि घरचं चिकन, अंडं, भोपळा वरून थोडं, एकूण कॅलरीच्या दहाव्या हिश्शापर्यंत. तयार खाण्यावरून घरात वाद होतात मला माहीत आहे. पूर्ण घरचंच करायचं असेल तर पोषणाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यकाकडून त्या पिल्लाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी वजन करून बदला. बदल करताना सात ते दहा दिवस घ्या, रोज जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त, नाहीतर हगवण लागते आणि मग घरचे म्हणतात बघा, मानवलं नाही.

तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन. जंत पडले नाहीत तर कितीही घाला अंगी लागणार नाही, दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध लागतं, तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा.

तुळस_आणि_पणती

आमचं घर शाकाहारी आहे, अंडंसुद्धा स्वयंपाकघरात येत नाही. कुत्री रस्त्यावरून आणलेली, आता पाच वर्षांची आहे. वरण-भात, दही, पोळी, कधी पनीर. चालतं का हे? काही लोक म्हणतात कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य पचतच नाही.

गोठा_ते_गल्ली

धान्य पचतं. कुत्र्यांमध्ये स्टार्च पचवणाऱ्या जीन्सच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, २०१३ मध्ये नेचर मासिकात त्यावर मोठा अभ्यास आला होता. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगल्याची ती खूण आहे. मोठं कुत्रं शाकाहारावर राहू शकतं पण आमच्या वरण-भातावर तसंच्या तसं नाही, प्रोटीन, जस्त, बी-१२, ड जीवनसत्त्व बाहेरून घालावं लागतं. पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या नीट भिजवून पिळून, आणि पशुवैद्यकाने दिलेलं सप्लिमेंट. पिल्लावर आणि गाभण कुत्रीवर हा प्रयोग करू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरण फोडणीच्या आधी काढून ठेवा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्याने विष जात नाही, कांदा-लसूण मसाल्यातही तेच असतं. लगेच काही दिसत नाही, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहासारखी होते, तोवर घरच्यांना आमटी दिल्याचं आठवतही नाही.

द्राक्षबाग

फोडणीवरून निघालंच आहे तर मी पण लिहितो. मी तासगावचा. आमच्याकडे सिझनला शेडवर जिकडे तिकडे बेदाणा, जाळीवर वाळत घातलेला, खाली सांडलेला. दोन वर्षांपूर्वी आमची राखणीची कुत्री सांडलेला बेदाणा खाऊन गेली. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की द्राक्ष कुत्र्याला विष आहे, आख्खं आयुष्य द्राक्षात गेलं तरी. पहिल्या दिवशी ओकली, आम्ही म्हटलं काहीतरी शिळं खाल्लं असेल. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. किडन्या गेल्या होत्या. वाचली नाही.

आता मी शेडवरच्या प्रत्येक कामगाराला सांगतो. सांडलेला बेदाणा संध्याकाळी झाडून घ्यायचा आणि कुत्री बांधायची. सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, तो प्रसाद कुत्र्याला देऊ नका हो, देवाला राग येणार नाही.

गोठा_ते_गल्ली

द्राक्षबाग, वाईट वाटलं वाचून. सगळ्यांसाठी: बेदाणा खाल्लेला दिसला तर वाट बघू नका, दीड-दोन तासांच्या आत दवाखान्यात नेलं तर उलटी काढता येते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, मिठानेच जीव जातो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं आता मानलं जातं, पण कुठल्या कुत्र्याला किती खाऊन त्रास होईल ते आधी सांगता येत नाही. चॉकलेट आणि शुगर-फ्री गोष्टींतलं झायलिटॉल हेही याच यादीत.

सिअॅटलची_सर

मी गेली बारा वर्षं अमेरिकेत आहे. इथे नेटवरच्या रेसिपींचा सुळसुळाट आहे आणि मी पण आधी त्यातलीच एक डोळे झाकून करत होते. मग डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २०१३ चा अभ्यास वाचला, त्यांनी पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या २०० रेसिपी तपासल्या आणि त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक पोषणद्रव्य कमी निघालं. त्यातल्या कितीतरी पशुवैद्यकांनी लिहिलेल्या होत्या. आणि आज हे उद्या ते असं बदलत राहिलं की आपोआप भरून निघतं हा समजही त्यात टिकला नाही, कारण बहुतेकांत कमतरता त्याच त्याच होत्या. म्हणून मोगराताईंची ती डॉक्टरांनी सांगितलेली जस्त-आयोडीनची पावडर घालायची सवय मला फार महत्त्वाची वाटते.

अजून एक, नाचणीबद्दल कोणी बोललं नाही. आई फोनवर सारखी सांगते नाचणीचं सत्त्व दे, हाडं मजबूत होतात.

मोगरा_फुलला

नाचणी मी आठवड्यातून दोनदा भाताऐवजी घालते, कुत्र्यांना आवडते. पण कॅल्शियमसाठी तिच्यावर विसंबू नका. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आहे खरं, पण तिच्यातही फॉस्फरस आणि फायटेट आहेच, चिकनचा हिशोब त्याने फिटत नाही. टरफल ते टरफल.

पुलाखाली

मी आमच्या भागातल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालतो, त्यामुळे माझा विषय जरा वेगळा. दर पावसाळ्यानंतर आई गाडीखाली आलेली पिल्लं कोणीतरी खोक्यात घालून आणून देतं आणि आणणाऱ्याने वाटेत ड्रॉपरने गाईचं दूध पाजलेलं असतं, पिल्लाला बाळासारखं उताणं धरून. प्लीज असं करू नका. उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवायचं, आईला पितं तसं, डोकं थोडंसं वर. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, अंग गरम झाल्यावरच दूध. थंड पोटात दूध पचत नाही.

गाईच्या दुधात फॅट आणि प्रोटीन प्रत्येकी तीन-चार टक्के, कुत्रीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून नुसतं गाईचं दूध पाणी घालून दिलं की पिल्लू रडत राहतं आणि वाळत जातं. मेडिकलमध्ये पिल्लांची दूध पावडर मिळते ती आणा. रात्रीचे दोन वाजले असतील आणि काहीच नसेल तर त्या रात्रीपुरतं दुधात दही आणि अंड्याचा बलक फेटून कोमट देतो, सकाळी पावडर. पाजल्यावर ओल्या कापसाने शी-शूच्या जागी हलकं पुसायचं, तीन आठवड्यांपर्यंत त्यांना स्वतःहून होत नाही. ग्लुकोज बिस्किटं घालणाऱ्यांना पण हात जोडून विनंती, त्यापेक्षा भात आणि अंडं द्या, तेवढ्याच पैशात होतं.

अंगणातली_चिमणी

पुलाखाली दादा, खूप मोठं काम करताय. डॉक्टर, शेवटचं विचारते, पिल्लू जाड होतंय की बरोबर वाढतंय ते घरी कसं कळणार?

गोठा_ते_गल्ली

हात लावून. आपला हात उपडा पसरा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या मागची हाडं चाचपा, फासळ्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर पेरं लागतात तशा टोचत असतील तर बारीक आहे, तळहातासारखं नुसतंच मऊ लागलं तर जाड. वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. मोठ्या जातीचं पिल्लू थोडं सडपातळच ठेवा.

नदीकाठ

सात आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले होते, आईने वहीत उतरवून घेतलेत. डॉक्टर मॅडमनी पिल्लांचं तयार खाणं लिहून दिलं, ते भिजवून, वरून चमचाभर भोपळा आणि अंडं. सिरप बंद. हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी जाळी लावून जागा केली आणि मी रात्री त्याच्याशेजारी गादी टाकून झोपत होतो, नाहीतर रडायचा. काल तिसरा एक्स-रे झाला. हाडं आता चांगली पांढरी दिसतायत, दुमडलेल्या जागी नवीन हाड भरलंय. पुढचे पाय थोडे वाकडेच राहतील असं मॅडम म्हणाल्या, पण दुखणार नाहीत. आजपासून पट्टा लावून पाच मिनिटं चालायची परवानगी मिळाली.

डॉक्टर, मोगराताईंसारखं घरचं जेवण त्याला कधीपासून सुरू करता येईल? आई टरफलं साठवून ठेवतेय.

गोठा_ते_गल्ली

वा, फार बरं वाटलं. जेवणाचं वर्षाचा झाल्यावर बघू, आणि तेव्हाही आधी एक्स-रे आणि रक्त. टरफलं साठवू द्या, वाळलेली टिकतात. जिना अजून महिनाभर बंदच.

नदीकाठ

बंदच आहे. पहिल्या पायरीपाशी बसून वर बघत असतो, वर आईची खोली आहे ना.

मोगरा_फुलला

मग आईंनाच सांगा ना काही दिवस खाली झोपायला.

नदीकाठ

परवापासून खालीच आहेत :)